दाबा, धरा, सोडा

खोटं बोलणारं पोर मला लांबून ओळखू येतं. जन्म अंगणवाडीत गेला माझा. डब्यातले शेंगदाणे कोणी खाल्ले असं विचारलं की ज्याने खाल्ले तो आधी हात चड्डीला पुसतो आणि मग "मी नाही" म्हणतो. त्यामुळे धम्मदीपच्या गॅरेजवर गेले ती त्याच्या तोंडाकडे नाही, हातांकडे बघायचं ठरवूनच.

धम्मदीप म्हणजे आमचा होऊ घातलेला जावई. मूळचा अकोल्याचा, गॅरेज इथे अमरावतीत. माझ्या आचलने स्वतः पसंत केलेला. तारीख काढायची तेवढी राहिली होती. तेवढ्यात त्याने माझ्या मुलाची, बंडूची मोटरसायकल सर्व्हिसिंगला नेली, पुढच्या ब्रेकला नवे पॅड टाकले आणि धुऊन पुसून घरी आणून लावली. दुसऱ्या दिवशी सकाळी बंडू शाळेवर शिकवायला निघाला आणि उड्डाणपुलाच्या उतारावर थांबलेल्या ऑटोवर जाऊन आदळला. पाय मोडला. दवाखान्यात डोळे उघडल्यावर पहिलं बोलला ते, "आई, पुढचा ब्रेक लागलाच नाही."

मी आचलला सांगून टाकलं, "ज्याच्या हातानं माह्या पोराचा पाय मोडला, त्याच्या हातात मी तुहा हात देत नाही."

आचल रडली नाही. "आधी गाडी उघडून पाह्य, मंग बोल," म्हणाली. पोरगी माझीच आहे.

आमच्या यांचं, किसनरावांचं, तर काही समजतच नव्हतं. धामणगावच्या जिनिंगमध्ये जन्मभर मशिनींना तेल घालायचं काम केलेला माणूस. घरात आजही एक बिजागरी कुरकुरू देत नाहीत. आणि ते म्हणतात, "काहून उघडून पाह्यतं? भंगारात देऊन टाक गाडी." पोटच्या पोराचा पाय मोडलाय आणि गाडी का नाही थांबली हेही बघायचं नाही? माझ्या मनात पाल चुकचुकली. धम्मदीपने यांना एकट्यात गाठून हातपाय जोडले असणार आणि हे त्याला पाठीशी घालत असणार. मी यांनाही ओढत गॅरेजवर नेलं.

"जयभीम मावशी, जयभीम काका. चहा सांगू?"

"चहा नको. ब्रेक खोल. माह्यासमोर खोल."

गाडी दोन चाकांवर उभी होती, पण पुढचा मडगार्ड वाकलेला आणि हँडल तिरपं. धम्मदीपने पुढच्या चाकाजवळ बसकण मारली. ब्रेकमधली हवा बाहेर काढायच्या तोटीला, निपलला, पारदर्शक नळी लावली, तिचं दुसरं टोक बाटलीत सोडलं. मग मला म्हणाला, "मावशी, तुमीच हँडलवरचा लिव्हर धरा. मी म्हणन तवा दाबा, म्हणन तवा सोडा. मधात सोडाचं नाही, हवा आत जाते, अन् हवा असली की ब्रेक लागत नाही."

मला वाटलं, बघा, माझ्या हातून काही चुकवून घेईल आणि माझ्यावरच ढकलेल. तरी धरला.

"दाबा. धरा." त्याने निपल सैल केलं, नळीतून ब्रेक ऑइल आलं, त्याने निपल आवळलं. "सोडा."

तिसऱ्या खेपेला नळीतून बुडबुडे निघाले. मी ओरडलेच, "हे पाह्य! हवा! तूनंच ठेवली होती आत!"

"गाडी टेम्पोत आडवी टाकून आणली ना मावशी. आडवी पडली की शिरते हवा."

"चोराच्या मनात चांदणं," मी यांना ऐकू जाईल असं म्हटलं. हे बाकड्यावर मान खाली घालून बसले होते. त्यांना घामही आला होता. मला वाटलं, धरलं आता दोघांनाही.

दाबा, धरा, सोडा. किती वेळ चाललं कोण जाणे. बुडबुडे संपले. लिव्हर हाताला दगडासारखा लागायला लागला. "आता हवा नाही," धम्मदीप म्हणाला. "धरून ठेवा." त्याने गाडीचं पुढचं चाक उचलून हाताने फिरवलं.

मी सगळा जोर लावून लिव्हर दाबला होता, आणि चाक फिरलं.

धम्मदीपच्या कपाळाला आठी पडली. ते नाटक नव्हतं, एवढं मला कळतं. त्याने ब्रेक खोलून चाकाच्या चकतीला दोन्हीकडून दाबून धरणारे पॅड बाहेर काढले. नवे पॅड, पण काळेशार आणि चकचकीत. त्याने एक नाकाजवळ नेला. मग एकदाच वर बघितलं. माझ्याकडे नाही, बाकड्याकडे. आणि हात पँटला पुसले.

"चूक माहीच हाये मावशी. ब्रेक ऑइल सांडलं असन पॅडवर. ध्यानात नाही आलं."

झालं. कबूल केलं. मला आनंद व्हायला हवा होता. पण हात पुसून बोललेलं खरं कसं असेल? मी पॅड त्याच्या हातातून ओढला आणि वास घेतला. ब्रेक ऑइलचा वास मला माहीत नाही, पण हा वास माझ्या स्वयंपाकघरातला होता. जवसाचं तेल! फोडणी करपली की घरभर पसरतो तो वास. ओट्याखालच्या बरणीतलं तेल या गॅरेजात कशाला येईल?

मी वळून पाहिलं. हे दोन्ही हात पँटला पुसत होते.

"त्या रात्री पाऊस झाला," किसनराव म्हणाले. "सकाळी पाह्यलं तं चाकाची चकती लालेलाल. गंज. साखळीले घरचं तेल लावलं, तं चकतीलेबी लावलं. लोखंडाले तेल लागतेच ना पंचफुला?"

"कधी समजलं तुमाले?"

"बंडू दवाखान्यात बोलला तवाच."

तेव्हापासून मी रोज या पोराला शिव्या घालत होते, आणि हे शेजारी बसून भाकरी खात होते. असा संताप आला की तो पॅड यांच्या अंगावर फेकावा. पण फेकला नाही, बाकड्यावर यांच्या शेजारी ठेवला. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तसं झालं होतं माझं.

"मावशी," धम्मदीप हळूच म्हणाला, "बंडूले माहंच नाव सांगा. बापाच्या हातानं झालं हे त्याले कळू देऊ नका."

"अन् आचल?"

तो पुसून झालेले हात पुन्हा पुसत बसला.

"तुले खोटं बोलता येत नाही रे पोरा," मी म्हटलं. "जन्मात येनार नाही. चकती धुऊन काढ, नवे पॅड टाक, अन् रविवारी मायबापाले घेऊन घरी ये. तारीख काढू."

मग यांच्याकडे वळले. "अन् तुमी चाला घरी. बंडूले तुमी सांगाचं, तुमच्या तोंडानं. मी बाजूले बसतो."

हे उठले. हात पुन्हा पँटकडे गेला, तो मी धरला. घर येईपर्यंत सोडला नाही.