मागचं दार

तुळजाजीचं मागच्या दाराने घरात शिरणं राजसबाईंना मुळीच खपत नसे. चाळिशी उलटलेला मुलगा, आणि भांडी घासायच्या दगडावरून मांजरासारखा उडी मारून आत यायचा.

"पुढच्या दारात साप बसलाय का रे?" त्या विचारायच्या.

खरं कारण घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याची लेक सौम्या, तो स्वतःच कोच असलेल्या बास्केटबॉलच्या संघात खेळायची. तिचा गुडघा सुजला असताना त्याने पट्टी बांधून तिला खेळायला उतरवलं, आणि त्यांच्या एन्नोर गावच्या पोरी पहिल्यांदा फायनल जिंकल्या. राजसबाईंनी पुढच्या दारात दृष्ट काढायला त्याच्यावरून कुंकवाचं लाल पाणी ओवाळलं. ते रस्त्यावर ओतायला गेल्या, तेव्हा रिक्षातून उचलून उतरवलेली सौम्या दिसली. तो गुडघा पुन्हा सरळ झाला नाही.

तुळजाजीने कोचगिरी सोडली, आणि पुढचं दारही. कारखाना, घर, मागचं दार. घरातली तिघं एकमेकांची नजर चुकवत राहायची. वीजकेंद्राची राख येते म्हणून खिडक्याही बंदच.

यंदा कुप्पममधल्या, म्हणजे कोळीवाड्यातल्या पोरींनी हट्टाने त्याला पुन्हा मैदानावर ओढून नेलं. आज फायनल, अण्णा नगरच्या संघाशी. राजसबाईही जाऊन बसल्या.

शेवटचं मिनिट, एका गुणाने मागे. संघातली सगळ्यात उंच पोर चंद्रिका उडी मारून पडली. घोटा बघता बघता फुगला.

"सर, पट्टी बांधा. खेळते मी!"

"बस खाली."

"अय्यो सर, एकच मिनिट!"

लोक ओरडत होते, शिव्याही देत होते. तुळजाजीने गुडघ्यावर बसून तिचा बूट काढला आणि काखोटीला मारला.

"आता खेळ बघू कशी."

संघ हरला.

राजसबाई त्याच्या आधी घरी पोचल्या. मागच्या दाराला त्यांनी आतून कडी घातली. थोड्या वेळाने दार खडखडलं.

"आई, उघड."

त्या हलल्या नाहीत. शेवटी तो वळसा घालून पुढे आला. दारात सौम्या पाय ओढत ताम्हन घेऊन उभी होती. चंद्रिकेचा बूट अजून त्याच्या काखेतच होता.

"हरलो गं, आई. हे कशाला?"

राजसबाईंनी लाल पाणी ओवाळलं.

"मागल्या खेपेला जिंकून आलास, तेव्हा ओवाळलं ते चुकलं. आज लोकाची पोर लंगडत का होईना, आपल्या पायाने घरी गेली. ये आत. आणि सकाळी तो बूट तिला नेऊन दे."