माहेरच्या गुळाचं पाणी

आटपाडीच्या माळावर दोन जावांची दोन शेडं शेजारी शेजारी होती. थोरली दगडाबाई, धाकटी हरणाबाई. कोंबड्या एकाच गाडीतून उतरलेल्या, खाद्य एकाच दुकानाचं, बोअरही सामायिक. तरी हरणाबाईच्या पाचशे कोंबड्या रोज पंधरा ट्रे अंडी देत आणि दगडाबाईच्या तेवढ्याच कोंबड्या दहावर अडत. कोंबड्यांना हगवण, त्यामुळं अंडीही माखलेली.

अंडी नेणाऱ्या व्यापाऱ्यानं सांगून टाकलं, की महिन्यात अंडी सुधारली नाहीत तर तो धाकल्या बाईंचीच नेईल. शेड बंद पडण्यापेक्षा दगडाबाईला ‘धाकल्या बाईंचीच’ हेच जास्त झोंबलं.

तिनं मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. हरणाबाईचे ट्रे गाडीत चढताना ती कुडाआडून मोजायची. एका गोष्टीत मात्र ती वरचढ होती. कडेगावाहून तिचा भाऊ गुळाच्या ढेपा आणून द्यायचा. उन्हाळ्यात कोंबड्यांना दोन दिवस गुळाचं पाणी द्या, असं कुणीतरी सांगितलेलं. तिनं ते आठ महिने चालू ठेवलं. हरणाबाईच्या माहेरी ऊस नव्हता. तिला दिसेल असा दगडाबाई रोज सकाळी आपल्या टाकीत गुळाचा खडा टाकायची.

एकदा हरणाबाई म्हसवडला सिद्धनाथाच्या दर्शनाला गेली. जाताना जावेला सांगून गेली, की सकाळी कोंबड्यांच्या पाण्याच्या पाइपाच्या टोकाचं बूच काढून जरा पाणी वाहू द्या. गुपित सापडणार म्हणून दगडाबाई हरखून तिच्या शेडात शिरली. बूच काढलं, तर नुसतं नितळ पाणी आलं.

आपल्या शेडात येऊन तिनं स्वतःच्या पाइपाचं बूच उघडलं, आठ महिन्यांत पहिल्यांदाच. भेंडीच्या चिकासारखा बुळबुळीत, आंबूस गोळा तिच्या पायावर पडला. हेच पाणी कोंबड्या पीत होत्या.

दुसऱ्या दिवशी ती कुंपणाशी गेली. विचारायला जीभ वळेना, तरी पाइपातल्या घाणीचं विचारलं.

हरणाबाई म्हणाली, “गूळ पाइपात बसतो, अक्का. त्यावर बुरा धरतो. मला ठावं हुतं.”

“मग सांगितलं का न्हाईस गं?”

“सांगितलं असतं तर तुमी म्हणाला असता, माझ्या माहेरावर जळती. आन् जळत हुतेच की मी. माझ्या भावानं कवा चिमूटभर मीठ धाडलं न्हाई.”

दगडाबाईला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाजही वाटली. मग दोघींनी मिळून टाकी घासली. गुरांच्या डॉक्टरांनी दिलेल्या औषधानं पाइप धुतले, ते पाणी वाहून जाईपर्यंत कोंबड्यांना बादल्यांनी ताजं पाणी पाजलं. गूळ स्वयंपाकघरात गेला; अर्धी ढेप हरणाबाईच्या.

महिन्यानं व्यापाऱ्यानं दगडाबाईची अंडी उलटसुलट बघितली आणि मुकाट्यानं गाडीत चढवली. चौदा ट्रे.

शेजारी पंधरा होते. दगडाबाईनं पुन्हा मोजले, पदर खोचला आणि आपल्या पाइपाचं बूच काढायला निघाली.