सोवळ्यातली हरणं

१९८१ सालच्या चैत्रात कळंबच्या सुरूच्या बनात नारळ फोडायलाही रांग लागली. मृगानंद महाराजांच्या आश्रमात ठिपक्यांच्या हरणीला पांढरंशुभ्र पाडस झालं होतं!

"बघा, बघा, डोळे मिटून समाधी लावलीय!" महाराज सांगत होते. तेवढ्यात पाडस चालता चालता खांबावर आदळलं. "खांबाला दंडवत घातला!" महाराज अडले नाहीत. बायाबापड्यांनी लगोलग खांबालाही कुंकू लावलं.

भागूबाई कुंपणाशी पाल्याचा भारा घेऊन उभी होती. सोमवार, एकादशी, चतुर्थी, एकही उपास न मोडणारी ही विधवा सहा वर्षं हरणांचं चारापाणी करत होती. पाडसाला तिनेही हात जोडले. पण खांबाचा दंडवत काही तिच्या गळी उतरेना.

त्याच दिवशी महाराजांनी तिच्यावर बोट रोखलं. तीन वर्षांत कळपातली पाडसं एकामागून एक मेली होती. कुणाचे पाय वाकडे, कुणाला आईला लुचायचंही त्राण नाही.

"हिची दृष्ट! हे दिव्य पाडस जगवायचं, तर गुरुवारी हिने गाव सोडलं पाहिजे."

गावचे म्होरके जयरामतात्या मान डोलावून मोकळे झाले. पण लग्न होऊन आली ते घर, दारची तुळस, शेळ्या टाकून भागूबाई जाणार कुठे?

गुरुवारी सकाळी ती आली. मागून तिच्या शेळ्या, उड्या मारणारी करडं आणि तिनेच बोलावलेले गुरांच्या दवाखान्यातले फेबियन डॉक्टर.

"गाठोडं कुठाय गं?" जयरामतात्यांनी विचारलं.

"तात्या, आधी ही करडं बघा. हात माझाच, नजर माझीच, पाला पन तोच. मग ही कशी टुणटुणीत? माझी नजर काय हरनं निवडून लागते?"

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं.

"शेळ्या क्षुद्र!" महाराज गरजले. "ही देवाची हरणं!"

"म्हनून तर विचारते. घरचा बोकड मी घरच्या शेळ्यांत ठेवत नाय. दर दोन वर्सांनी अर्नाळ्याच्या बायजाशी बदलून घेते. सासूची शिकवन. तुमच्या कळपात बाहेरचा नर कधी आला?"

महाराजांची छाती फुगली. "कधीच नाही! एका शेटजींनी दहा वर्षांपूर्वी एकच जोडी दिली. एका भक्ताने दुसरा नर देऊ केला, मी दारातून परतवला. परका नर म्हणजे विटाळ! माझा कळप सोवळ्यातला."

"म्हणजे भाऊ-बहीण, बाप-लेक, सगळं घरच्या घरात," डॉक्टर शांतपणे म्हणाले.

"अगो बाई!" गर्दीतल्या कृष्णाबाईने तोंडाला पदर लावला. "आनि ह्याला सोवळं म्हनायचं?"

"प्रत्येक जिवात दोष दडलेले असतात," डॉक्टर सांगू लागले. "आईकडून एखादा आला, तरी बापाकडून आलेला निरोगी गुण बहुतेक वेळा त्याला झाकून टाकतो. आईबाप एकाच रक्ताचे असले, की दोघांकडून तोच दोष येण्याचा धोका वाढतो, मग झाकणार कोण? परदेशात प्राणिसंग्रहालयांच्या जन्ममृत्यूच्या नोंदी तपासल्या. जवळच्या नात्यातल्या जोड्यांची पिल्लं जास्त मरतात, असं बहुतेक जातींत दिसलं. हा पांढरा रंगही तसाच आलाय. अंगात रंग तयार होत नाही, डोळ्यांतही नाही. बिचाऱ्याला ऊन सोसत नाही, समाधी कसली!"

त्यांनी छत्री उघडून पाडसावर धरली. जराशाने गुलाबी डोळे किलकिले झाले. पाडस अडखळत, पण खांब चुकवून आईकडे गेलं.

खांबाला कुंकू लावणाऱ्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या.

"माझी ध्यानाची वेळ झाली," महाराज उठले.

"बसा, महाराज. तुम्हाला पन ऊन लागलं का?" कृष्णाबाई ओरडली, आणि सगळं बन हसलं.

जयरामतात्या खाकरले. "डॉक्टर, जंगल खात्याला कळवा. ह्या हरणांचं काय करायचं ते तेच ठरवतील." मग खालच्या आवाजात, "भागू, तू राहा हो."

"मी जातच नव्हते, तात्या. उपास मी देवासाठी करते, कुनाच्या धाकापायी नाय."

देवाला खुशाल हात जोडावेत, व्रतं पाळावीत. त्याला कुणाची हरकत नाही. पण पिल्लू मेलं, तर कुणा बाईची नजर शोधण्याआधी त्याचा बाप कोण, एवढं तरी विचारावं. विचारायला अक्कल देवानेच दिली आहे.