देगेच्या पोटातला दवणा

मी तांब्याची एक म्हातारी देग आहे. मित्रांनो, देग म्हटली की तुम्हाला बिर्याणी आठवली असेल. सगळ्यांनाच आठवते. माझ्या बहिणी लग्नाच्या मांडवात मिरवतात, माझ्या नशिबी मात्र पाला आला. नाशिकच्या तांबटांनी मला ठोकून घडवलं आणि महेबूबभाई अत्तरवाल्यांनी घरी नेलं. माझ्या पोटात पाणी आणि पाला भरायचा, झाकण मातीने लिंपायचं, खाली जाळ करायचा. वाफ बांबूच्या नळीतून चंदनाच्या तेलात उतरली की झालं अत्तर.

चौतीस साली दर्ग्याच्या उरसात, संदलाच्या मिरवणुकीला दवण्याचं अत्तर देण्याचा मान महेबूबभाईंना मिळाला. त्याआधीची त्यांची अत्तरं अशी फसली होती की गल्लीतले लोक त्यांना पाहून नाकाला रुमाल लावत. हेही फसलं तर धंदा बंद आणि मी मोडीत. एक तांबट येऊन माझ्या पोटावर टिचक्या मारून गेला. "हिचे हंडे झकास होतील," म्हणाला. मेल्याने माझ्यादेखत सांगितलं.

दवणा मखमलाबादच्या गोजराबाई माळणीचा. देवीला वाहायला कोवळा दवणा लागतो, फुलावर आला की तो गेलेला माल, हे बाईंना पाठ. म्हणून त्यांनी मोठ्या मायेने अगदी लुसलुशीत पाला खुडून आणला. महेबूबभाईही त्याच्यावर भाळले. मी जीव तोडून उकळले आणि निघाला ओल्या गवताचा वास. त्यांच्या बायकोने, जुलेखाभाभींनी, हुंगून पाहिलं. "शेळी खूश होईल," म्हणाल्या.

"बाई, तुमच्या दवण्यात दम नाही," महेबूबभाई म्हणाले.

"दवना माझा झ्याक हाय. तुमची देगच खोटी हाय," बाई फणकारल्या. "आता काडी देनार नाय."

भांडण त्यांचं आणि शिवी मला. मला फार लागलं ते.

अत्तरासाठी राखलेला अर्धा वाफा बाईंनी रागाच्या भरात तसाच सोडला. त्याला पिवळी फुलं आली. संदल तोंडावर आला, तेव्हा बाईंनी तो सगळा कापून आणला आणि आमच्या दारात आपटला.

"हा घ्या. देवीला चालत नाय, शेरडं खात नायत. तुमीच उकळा."

दुसरा पाला मिळणार नव्हता. महेबूबभाईंनी तोच मला भरवला. मी हंडा व्हायची तयारी केली.

पण पोटात निराळंच काही सुरू झालं. वाफा तोच, पाणी तेच, तरी तो हिरवट उग्रपणा कुठच्या कुठे गेला होता. वाफ पिकल्या फळासारखी गोड चढत होती. कोवळेपणी दवण्याच्या अंगात एक तेल असतं, फुलावर येईतो त्याची घडणच पालटते, हे मला तिथे कळलं. संदलाच्या दिवशी आमची गल्ली नाकावरचे रुमाल काढून हुंगत उभी होती.

त्या दोघांना मात्र काहीच कळलं नाही. बाई म्हणाल्या, "मी रुसले, म्हनून गुन आला." महेबूबभाईंनाही ते पटलं. तेव्हापासून दरसाल पाला कोवळा असताना ते मळ्यात जाऊन दवण्याला नावं ठेवतात. बाई फुलं येईपर्यंत रुसतात, मग भारा आणून दारात आपटतात आणि भाभींच्या हातचा चहा पिऊन जातात.

मित्रांनो, मला चिंचेने घासत जा, अडगळीत टाकू नका. दवण्याला फुलू द्या. पण खरं कारण या दोघांना सांगू नका. कळलं, तर बाई कशाला येतील?

यंदा महेबूबभाई तापाने अंथरुणाला खिळले. भांडायला जाणार कोण? मी काळजीत पडले. तर बाईच भाकरी बांधून आल्या आणि त्यांच्या उशाशी बसल्या.

"माझ्या दवन्याला नावं ठेवा की लवकर," त्या हळूच म्हणाल्या. "नायतर उद्या कवळाच खुडावा लागंल."