सालूमचा अर्धा भोपळा

मी एक जुना भोपळा आहे, मित्रांनो, आणि तोही अर्धाच. हसा, हसा. उरलेला अर्धा लांब दक्षिणेला आहे. तो तिकडं कसा गेला तेच सांगतो.

तेनिंगच्या कुंपणावर मी वाढलो. भाजीचा नव्हे हं, कडू जातीचा. उन्हात खडखडीत वाळल्यावर तिच्या नवऱ्यानं, लातीरनं, मला आतून खरवडलं, तोंड डांबरानं बुजवलं आणि तापल्या सळईनं पोटावर मासा डागला. आमच्या सालूमच्या खाडीतले कोळी असाच मासा डागतात. चटका बसला, पण ऐटही आली.

जाळं तरंगतं ठेवायचं, हे माझं काम. लातीर सगळ्यांना सांगायचा, "हा गडी बुडत नाही. मेव्हण्यापेक्षा कामाचा आहे."

आमच्याकडं याबोय नावाचा मासा आहे, गरिबाच्या ताटातला. अंडी सोडायच्या दिवसांत तो थव्यानं किनाऱ्याशी येतो. तेव्हा म्हातारी माणसं गावाची जाळी वर काढायला लावतात आणि आम्हा भोपळ्यांना दोरानं तळच्या दगडाला बांधून त्या पाण्याभोवती सोडतात. भोपळा दिसला की होडी वळवायची. माझा मान तेव्हा बघायला हवा होता!

पण एवढं पाळूनही मासा दर साली कमीच. तेनिंग मासे धुरीवर सुकवून विकायची, तर तिच्या थंड भट्टीत कोंबड्या अंडी घालायला बसू लागल्या.

"बघ तुझी भट्टी," लातीर एकदा तडकला. "आपण उपाशी राहून मासा राखायचा, आणि तो जातो कुठं? हे शेवटचं साल. पुढल्या साली भोपळे मी स्वतः काढणार."

"काढ की. अंडीवाली मासळी धर. आणि त्याच्या पुढल्या साली काय, वाळू भाजू?"

"तुझी जीभ भाज. ती काही संपायची नाही."

असं भांडतच त्यानं मला पाण्यात सोडलं. आणि त्याच साली वारा उठला, माझा दोर तुटला, मी सुटलो.

मित्रांनो, मला वाटायचं, माशाची अंडी तळाशी जाऊन बसतात. कुठलं काय! माझ्या चहूबाजूंनी तरंगत होती, मोहरीहून बारीक, काचेच्या मण्यांसारखी. त्यांना ना पर, ना शेपूट. पाणी नेईल ते त्यांचं गाव. दुसऱ्या दिवशी ती फुटली आणि पाण्यात नुसते डोळे चालू लागले. इवलेसे, काळे. मला बिलगून सावलीला राहायचे. मला लेकरं कुठली? पण तेव्हा झाल्यासारखी वाटली.

वारा चढला की वरचं पाणी भर समुद्राकडं ओढलं जायचं. कितीतरी डोळे तसे गेले. तिकडं त्यांना खायला काय मिळणार? मलाही ओढ बसली. मी जीव मुठीत धरला. म्हणजे, मूठ असती तर धरला असता. मग वारा पडला. किनाऱ्यालगतच्या प्रवाहानं आम्हाला उचललं आणि हळूहळू दक्षिणेला नेलं. वाटेत डोळ्यांना अंग आलं, शेपटी आली. कासामान्स नदीच्या खारफुटीत शिरलो तेव्हा माझी पोरं चांगली वळवळत होती.

खाडीच्या तोंडाशीच बारीक मासळी धरायला मच्छरदाणी ताणलेली होती. आम्ही सगळे अडकलो. मला झटकून बाजूला ठेवलं. पोरं चटईवर वाळत पडली.

मला काढणारी बाई सिबेत साम्बू, जोला लोकांतली. आम्ही सेरेर. जोला आणि सेरेर म्हणजे थट्टेचे भाऊबंद. फार पूर्वी दोन बहिणींचं होडकं आमच्याच समुद्रात दुभंगलं. एक अर्धं उत्तरेला लागलं, दुसरं दक्षिणेला. त्या आमच्या आज्या. म्हणून एकमेकांना वाट्टेल ते बोलायचं आणि रागवायचं नाही. रागावला तो हरला.

माझ्या पोटावरचा मासा बघून सिबेतनं ओळखलं, हा सालूमचा. अशी संधी ती सोडते होय! मीठ नेणाऱ्या होडीत बसून, मला मांडीवर घेऊन, विचारत विचारत ती थेट लातीरच्या दारात आली.

"ए बाजरीखाऊ! तुमच्याकडं गुलामसुद्धा टिकत नाही. पळून माझ्याकडं आला."

"भातखाऊ बये, तुझा स्वयंपाक खाऊन परत आला ना?" लातीर म्हणाला. किती दिवसांनी हसला!

सिबेतनं भेटीची टोपली पुढं केली. "घ्या, उपाशी लोकांनो. आमच्या खाडीतली चिमुकली मासळी."

तेनिंगनं मूठभर उचलली, तळहातावर पसरली. जन्म गेला तिचा याबोय हाताळण्यात. ही याबोयचीच पिल्लं, तिनं ओळखलं.

"सिबेत," ती म्हणाली, "माझा भोपळा जिवंत आणलास. आणि त्याच्याबरोबर निघालेली माझी लेकरं वाळवून आणलीस."

लातीरचं हसू गेलं. सिबेतला रागावता येईना, रीतच तशी. हसताही येईना. तिनं टोपली स्वतःकडं ओढली आणि पदरानं झाकली.

"ती इथली आहेत, हे आम्हाला कुठं ठाऊक होतं गं?"

"आम्हाला तरी कुठं ठाऊक होतं, ती तुझ्या दारात वाढतात?"

 मग सिबेत म्हणाली, "भोपळा मला दे. खाडीच्या तोंडाशी बांधते. तो दिसला की मच्छरदाणी टाकायची नाही. आमच्या बायकांना मी बघते."

"सगळा नाही देणार," तेनिंग म्हणाली. "तू हावरट आहेस."

तिनं करवत आणली आणि मला मधोमध चिरलं.

पुढल्या साली लातीर भोपळे काढायला गेला नाही, बांधायला गेला, तोंडानं शिव्या देत. मासा लगेच नाही आला. एक साल तर वाऱ्यानंच सगळी अंडी नेली. पण त्यानंतर भट्टीतून कोंबड्या हाकलाव्या लागल्या.

आता तेनिंगच्या घरी माझ्यात मीठ असतं. कड तडकली आहे. मित्रांनो, तुमच्या दारातल्या पाण्यात काही बारीक वळवळताना दिसलं, तर हात जरा आवरा. कुठलीतरी आई लांब उत्तरेला त्याची वाट बघत असेल. आणि तिकडं खारफुटीत काठीला उलटा बांधलेला अर्धा भोपळा दिसला, तर त्याच्या सावलीत वाकून बघा. पोरं असतील. त्यांना सांगा, भट्टी पेटली आहे, पण घाई नाही. मोठी होऊन या.