उजव्या दंडावरची पट्टी

नर्सबाईंनी शाळेच्या ओट्यावर टेबल मांडलं, लशीचा डबा सावलीला सरकवला आणि पदर मुद्दाम मागे सारला. दंडावरची चिकटपट्टी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला हवी होती. पट्टीखाली कापूस होता. कापसाखाली काहीच नव्हतं.

आदल्या दिवशी दवाखान्यातल्या सगळ्यांना ही नवी लस बाईंनीच टोचली होती. डॉक्टर, कंपाउंडर, झाडूवाली मावशी, कुणी सुटलं नव्हतं. स्वतःची पाळी आली तशी बाईंना डब्यातला बर्फ बदलायची आठवण झाली. मग हात धुवायची. शेवटी मोरीत जाऊन त्यांनी गुपचूप पट्टी चिकटवली आणि बाहेर येऊन, "काही कळलंसुद्धा नाही," असं सांगितलं. तेवढं मात्र खरं होतं. वीस वर्षं गावातल्या पोरांना सुया टोचून रडवणाऱ्या बाईला स्वतःच्या दंडाची इतकी माया असेल, हे त्यांनाही नवंच होतं. लस नवी आहे, आधी चार जणांचं काय होतं ते बघू, असा त्यांचा विचार. ते चार जण म्हणजे आपलंच गाव, हे त्या मनातल्या मनातही जरा हळूच म्हणत.

उन्हं चढली तशा खुरपणी अर्धी टाकून बायका आल्या, पायाला माती तशीच. पुढं बाईंची चुलतसासू. गेल्या साथीत तिची छाती भरली ती महिनाभर मोकळी झाली नव्हती. पुन्हा तसं झालं तर म्हातारी निभावायची नाही, असं डॉक्टर म्हणाले होते. म्हणून बाई आठ दिवस तिच्या मागे लागल्या होत्या. आणि ती घेईल तर बाकीच्या घेणार, हेही ठरलेलं.

"डावा हात पुढं करा, काकू."

"डावाच का?"

"सगळ्यांना डाव्यालाच देतो. उजव्यानं कामं करायची असतात, दुखायला नको."

"मग तुझी पट्टी उजव्याला कशी?"

बाईंनी दंडाकडे पाहिलं. समोर बसलेल्याचा डावा दंड नेहमी त्यांच्या उजवीकडे यायचा, त्यामुळे पट्टी सवयीनं उजव्यालाच गेली होती. लबाडीसुद्धा धड जमली नव्हती.

"मी डावखुरी आहे ना, म्हणून."

"कधीपासून? कालपासून?"

काकूनं वाकून पट्टी ओढली. खाली टोचल्याची खूण नाही, काही नाही. मागच्या दोघी उठून खुरपी शोधायला लागल्या.

"जी तू घेत नाहीस, ती आम्हाला देतेस होय गं?" काकू म्हणाली. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं.

बाईंना लाज वाटली, इतकी की सुईची भीती तेवढ्यापुरती मागे पडली. "लस चांगली आहे, काकू. मला ठाऊक आहे. तरी भ्याले."

त्यांनी ओट्याच्या कडेला वही घेऊन बसलेल्या कंपाउंडरला हाक मारली आणि सगळ्यांदेखत डावा दंड पुढं केला. कंपाउंडरचा हात असा जड, की बाईंच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"आता अर्धा तास हलायचं नाही," काकूनं हुकूम सोडला. "आम्ही बघतो."

बायका समोर फतकल मारून बसल्या. लग्नाच्या दिवशीसुद्धा बाईंकडे कुणी इतकं निरखून पाहिलं नव्हतं.

"घाम आलाय हिला."

"तो मघापासूनच होता."

"तोंड उतरलंय बघ."

"ते लाजेनं."

बाई दंडावरचा कापूस दाबून बसल्या होत्या. आपल्याला काही होत नाहीये, याचं त्यांना बाकीच्यांपेक्षा जास्त नवल वाटत होतं.

अर्धा तास झाला. काकूनं डावा दंड उघडा केला. खुरपी शोधणाऱ्या दोघी पुन्हा बसल्या. बाईंनी खाली मान घालून कंपाउंडरला खूण केली.

"त्याला कशाला बोलावतेस? तू दे."

"माझ्यावर विश्वास आहे अजून?"

"तुझ्या बोलण्यावर नाही," काकू म्हणाली. "पण हात हलका आहे तुझा."