पोट आत घेणाऱ्यांचा शिंपी

आमच्या गल्लीतल्या शिंप्याला सगळे मास्तर म्हणायचे. हात असा, की त्याने केलेली काजं बघून बटणं आपणहून आत जाऊन बसायची. माझं छत्र्या दुरुस्तीचं दुकान बरोबर त्याच्या समोर, त्यामुळे ही हकिगत मी डोळ्यांनी पाहिलेली आहे. जे पाहिलं नाही, ते तर मी जास्त खात्रीने सांगू शकतो.

एवढा हात असून मास्तरचा प्रत्येक कपडा घट्ट व्हायचा. चूक कात्रीची नव्हती. कमरेला टेप टेकली रे टेकली, की माणूस पोट आत घेतो. काही जण तर इतकं आत घेत, की ते पाठीकडून बाहेर येईल अशी मला धास्ती वाटायची. मास्तर बिचारा मिळेल ते माप इमानाने कापडावर खडूने उतरवायचा. गिऱ्हाईक शिवलेला कपडा घरी नेऊन घालायचं, श्वास सोडायचं आणि दुसऱ्या दिवशी दारात उभं.

"मास्तर, कापड खाल्लंत तुम्ही!"

"साहेब, जरा पोट सोडा," असं मास्तरने सांगून बघितलं.

"मी कुठे धरलंय?" असं म्हणून माणूस आणखी आत घ्यायचा. अंदाजाने दोन बोटं वाढवून बघितली, तर नेमकं ते गिऱ्हाईक पोट न ओढणारं निघालं. त्याच्या शर्टात तो आणि त्याचा मेहुणा दोघं मावले, वर मेहुण्याला खिसाही मिळाला.

हेही चाललं असतं, पण मास्तरचा जीव जडला होता बटणशेठच्या मुलीवर. बटणशेठचं दुकान गल्लीच्या टोकाला. भिंतभर लहान लहान खण, खणाखणांत बटणं. पँटची चेन या वस्तूचा त्यांना मनस्वी तिटकारा. पट्टाही लावायचे नाहीत. "पट्टा म्हणजे बटणावर अविश्वास!" असं ते ग्राहकांना दरडावून सांगायचे. गल्लाही मुलगी सांभाळायची आणि बापालाही. मास्तर एकेक बटण आणायला दिवसातून इतक्यांदा जायचा, की त्याची चप्पल त्या वाटेने एकटीही गेली असती.

मुलीची ना नव्हती. पण तिने साफ सांगून टाकलं होतं, "बाबांच्या मनाविरुद्ध मी लग्न करणार नाही. आणि दुसऱ्या कुणाशी तर अजिबातच करणार नाही. आता तुम्ही दोघं काय ते बघा."

मास्तरने सासरेबुवांना खूश करायला एक शर्ट शिवून दिला. माप घेताना शेठने पोट असं ओढलं, की छातीला धाप लागली. शर्ट अंगात चढला, शेठ दुकानात मिरवले आणि शिंकले. पोटावरचं बटण सुटलं ते समोरच्याची टोपी उडवून घड्याळवाल्याच्या दुकानात शिरलं, तिथल्या सगळ्या घड्याळांना एकदम टोले द्यायला लावून मागे फिरलं आणि शेठच्याच दुकानात, चार भोकांच्या पांढऱ्या बटणांच्या खणात जाऊन पडलं. बरोबर स्वतःच्या खणात! बटण शिस्तीचं होतं, हे कबूल करायला हवं.

शेठ लालबुंद. "मास्तर, माझ्या दुकानाचं बटण भर बाजारात तोंडघशी पाडलंत! आता ऐका. व्यापारी मंडळाने मला अध्यक्ष केलंय. रविवारी सभागृहात फोटो काढणार आहेत, तो भिंतीवर कायमचा राहणार. त्यासाठी सूट शिवा. नीट बसला तर मुलगी तुमची. एक बटण जरी हाललं, तर या दुकानाची पायरी चढायची नाही."

मास्तर मान खाली घालून घरी आला. घरी त्याची आत्या. पोस्टातून रिटायर झाल्यापासून ती संध्याकाळी मानसशास्त्राच्या वर्गाला जायची आणि जे शिकेल ते आल्या आल्या घरच्यांवर करून बघायची. एकदा तिने मांजराला इतकं समजून घेतलं, की मांजर अवघडून शेजारी राहायला गेलं.

"आत्या, मी संपलो," मास्तर म्हणाला.

"संपला नाहीस, गाढवा. तू पोटाचं माप घेतोस, माणसाचं घेत नाहीस. आपल्याकडे कुणी बघतंय हे कळलं की माणूस बदलतो, हा आमचा पहिला धडा. तू टेप घेऊन समोर उभा राहतोस म्हणजे काय करतोस? बघतोस!"

"मग काय डोळे मिटून शिवू?"

"त्याचं लक्ष दुसरीकडे ने. मन एका वेळी दोन ठिकाणी धड राहत नाही, हा दुसरा धडा. बोलाव तुझ्या शेठला. आणि मी बोलत असताना मध्ये तोंड घालू नकोस."

दुसऱ्या दिवशी शेठ मास्तरच्या दुकानात आले. मास्तरने टेप काढली आणि शेठचं पोट सवयीने गोगलगाईसारखं आत गेलं. आत्या कोपऱ्यात मटार सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "शेठ, मी काय म्हणते, या पँटला चेन लावली तर?"

"काय?"

"सोय हो. एक ओढ, काम झालं. बटणं कसली जुन्या काळची!"

"जुन्या काळची?" शेठचा आवाज माझ्या दुकानापर्यंत आला आणि एक छत्री आपोआप उघडली. "अहो बाई, चेन दात काढते! बटण कधी दात काढतं? चेन मधेच अडकते, आणि कुठे अडकते ते मी बायकांसमोर सांगू शकत नाही!"

बोलता बोलता शेठचं पोट सुटलं. सुटलं म्हणजे काय, टम्म होऊन ऐसपैस पुढे आलं. मास्तरने हळूच टेप फिरवली, खडूची रेघ ओढली. शेठ बटणाच्या थोरवीवर बोलत राहिले, मास्तर त्यांची छाती, खांदे, बाह्या मापत राहिला. शेवटी आत्या म्हणाली, "पटलं हो शेठ. बटणच बरं."

"मग! मास्तर, तुम्ही माप कधी घेणार?"

"झालं घेऊन."

रविवारी सभागृह भरलं. शेठ सूट घालून आले आणि लोकांचे श्वास थांबले. सूट असा बसला होता, जणू शेठ त्यातच जन्मले असावेत. ते बसले, उठले, वाकून हार घेतला, मुद्दाम दोनदा शिंकले. बटण हललं नाही. मुलगी पहिल्या रांगेतून मास्तरकडे बघून हसली. मास्तर मागच्या खांबाला टेकून सुखाने वितळत होता.

तेवढ्यात फोटोग्राफर पुढे झाला. कॅमेरा वर करून म्हणाला, "साहेब, तयार?"

कॅमेरा बघितला आणि शेठने पोट आत घेतलं.

मास्तरशेजारी बसलेल्या आत्याच्या हातातला पंखा पडला. पँट शिवली होती सुटलेल्या पोटावर, आणि पोट तर आता आत गेलेलं! पट्टा नाही, काही नाही. पँट बोटभर खाली आली. मग आणखी बोटभर. शेठ हसरा चेहरा करून ताठ उभे. त्यांना पत्ताच नाही. कोटाखालून आतल्या चड्डीची निळी पट्टी डोकावली. पहिल्या रांगेत मुलीने डोळे मिटले. मास्तर खांबाला धरून म्हणाला, "आत्या, पोट सोडा म्हणून ओरडू?"

"खबरदार! आणखी आत घेतील." आणि आत्या खुर्चीवर चढली. पोस्टात जन्म काढलेला आवाज, पत्त्याविना पोचणारा. "अध्यक्षमहाराज! मागे कुणीतरी म्हणतंय, आजच्या जगात बटणापेक्षा चेन बरी!"

"कोण म्हणतो?" शेठ गरजले. पोट उसळून बाहेर आलं, पँट जागच्या जागी गच्च बसली, शेठची मूठ हवेत गेली, डोळे पेटले आणि नेमक्या त्याच क्षणी कॅमेऱ्याची कळ दाबली गेली.

तो फोटो आजही त्या भिंतीवर आहे. नवे सभासद त्याच्यासमोर उभे राहतात आणि म्हणतात, "काय करारी माणूस!" कर चुकवायचा विचार मनात असेल, तर तो तिथल्या तिथे सोडून देतात.

फोटो हातात आला तेव्हा शेठ बराच वेळ बघत बसले. मग म्हणाले, "मास्तर, जन्मात पहिल्यांदा मी फोटोत माझ्यासारखा दिसतोय. मुलगी तुमची. पण तो चेनवाला कोण होता, तेवढं शोधून काढा."

"शोधतोय, बाबा," जावई म्हणाला. तो अजून शोधतोय.

मास्तरचा धंदा आता इतका चालतो, की आत्याने शिकलेले धडे कमी पडायला लागले. टेप काढायच्या आधी ती प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याच्या नावडत्या नातेवाइकाविषयी विचारते. मापं चोख येतात. गल्लीतल्या अर्ध्या भानगडीही आम्हाला कळतात, तो भाग वेगळा.

लग्न ठरल्यावर एकदा मुलगी मास्तरच्या दुकानात येऊन त्याला म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला दमा आहे का हो?"

"नाही. का?"

"दुकानात बटण घ्यायला यायचात, तेव्हा माझ्यासमोर श्वास कोंडून उभे असायचात. चेहरा निळा व्हायचा. मी आपली घाईघाईने बटण काढून द्यायची, म्हटलं माणूस इथेच पडायला नको."

मास्तर ओशाळला. मग त्याने इतक्या दिवसांचा श्वास सोडला, आणि त्याच्या स्वतःच्या शर्टाचं बटण उडालं.

कुठे जाऊन पडलं, ते मी सांगितलं तर तुम्ही म्हणाल थापा मारतो. पण माझ्या दुकानाच्या पाटीला भोक आहे, येऊन बघा.